वहीत नसलेल्या कोंबड्या

मित्सुए : शिक्का नाही मिळायचा, अध्यक्षसाहेब. चहा हवा असेल तर आणखी मिळेल.

कुसाकाबे : वहिनी, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगतो. हे माझ्या एकट्याच्या डोक्यातलं नाही. काल संस्थेची बैठक झाली, अकरा जण होते. सगळ्यांनी तोकुजीसाठी मिनिटभर मान खाली घातली आणि मग ठरलं, की त्याच्या चाबो कोंबड्यांचा वंश नागाओकडे जावा. एक कोंबडा, दोन कोंबड्या आणि वंशवही. नागाओ उद्या सकाळी गाडी घेऊन येतोय. तुम्ही या कागदावर घरचा शिक्का उठवायचा, बस.

मित्सुए : मान खाली घातलीत ते बरं केलंत. माझं नाव निघालं तेव्हा वर होती की खालीच?

कुसाकाबे : तुमचं नाव कशाला निघेल?

मित्सुए : तेच म्हणते मी.

कुसाकाबे : तसं नव्हे हो. नियम आहे. नियम नववा. सभासद वारला की पाखरं मुलाकडे. मुलगा पाळणार नसेल तर संस्था ठरवेल त्याच्याकडे. तुमचा हिदेआकी नागोयाला आठव्या मजल्यावर राहतो. तिथे कोंबडा आरवला तर पोलीस येतील.

मित्सुए : आणि मी कितव्या मजल्यावर राहते?

कुसाकाबे : वहिनी, तुम्ही थकलात आता. वर्षभर तोकुजीचं आजारपण काढलंत. नागाओकडे सगळी सोय आहे. पिंजऱ्यांत वीज, अंडी उबवायचं यंत्र. एकोणीस जाती आहेत त्याच्याकडे.

मित्सुए : एकोणीस बायका केल्या की एकीलाही वेळेवर जेवण मिळत नाही. माझी पाखरं नाही जायची तिथे. आणि दुसरं ऐकून ठेवा. रविवारच्या प्रदर्शनात मी आमचा कोंबडा मांडणार आहे. माझ्या नावाने.

कुसाकाबे : तुम्ही सभासद नाही.

मित्सुए : मग करून घ्या.

कुसाकाबे : अहो, असं होतं का कुठे? हे काय भाजीचं दुकान आहे, आलं आणि मांडलं? हा तोकुजीचा वंश आहे. त्याची नजर, त्याची मेहनत.

मित्सुए : मेहनत म्हणता, तर बोलूच. पहाटे पाचला खुराडं कोण उघडायचं? पांढऱ्या पिसाला ऊन लागलं की पितळी झाक येते, म्हणून एप्रिल ते सप्टेंबर पडदे कोण ओढायचं? मका घातला की पिसं पिवळी पडतात, म्हणून तांदळाचा कोंडा कोण चाळायचं? तुमचे मित्र दुपारी बाराला यायचे. काडेपेटी घेऊन.

कुसाकाबे : ती काडेपेटी हीच तर त्याची नजर होती. उभ्या चाबोच्या पोटाखालून काडेपेटी सरकता कामा नये, इतका पाय आखूड हवा. आम्ही सगळे त्याच्याकडूनच शिकलो. काडेपेटी गेली की कोंबडी गेली.

मित्सुए : वाक्य त्यांचं होतं. मान मुरगळायचं काम माझं.

योशिनो : ताई, मुळ्याचं लोणचं कुठल्या बरणीत आहे गं? अगं बाई, पाहुणे आहेत होय. मला वाटलं तू कोंबड्यांशी भांडतेयस.

मित्सुए : ही माझी धाकटी बहीण, योशिनो. वर डोंगराच्या उतारावर हिची संत्र्यांची बाग आहे. बस गं इथे. टेबलाखाली पाय घे, शेगडी चालू आहे. तुझंही काम पडणार आहे.

कुसाकाबे : तोकुजीच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला पाहिलं होतं वाटतं तुम्हाला.

योशिनो : मीच ती. तुम्ही भाषण केलंत आणि तीन वाट्या भात खाल्लात. भाषण छान होतं. रक्ताचं काहीतरी होतं.

कुसाकाबे : ‘अडतीस वर्षं ज्याने उंच पायाचं रक्त वंशात शिरू दिलं नाही,’ असं म्हणालो मी. आणि आत्ताही तेच सांगतोय. या भागात आठ घरी चाबो आहेत, पण असा वंश एकच. बाप आखूड, आई आखूड, पिढ्यान्‌पिढ्या. वहीत नोंद आहे.

मित्सुए : तुमच्याकडे उंच पायांची पिल्लं निघत नाहीत?

कुसाकाबे : निघतात की. सगळ्यांकडे निघतात. आई-बाप कितीही बुटके असोत, दहा फुटली की तीन-चार उंच पायांची निघणारच. पण ती कुणी वंशात धरत नाही. त्यांचं सूप होतं.

मित्सुए : आणि फुटतच नाहीत ती?

कुसाकाबे : चारातलं एक कवचातच मरतं. आखूड पायाला आखूड पाय लावला की मरतंच. ती या जातीची किंमत आहे, वहिनी. आमच्या वाडवडिलांनीही मोजलीय.

मित्सुए : मोजली कोंबड्यांनी. बरं, आता मी सांगते ते मध्ये न तोडता ऐका. आमच्याकडे चाबो आले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. त्या साली आमच्या सगळ्या आखूड पायांच्या पाखरांचा रंग बिघडला होता. शेपट्या तपकिरी, मानेवर शाई शिंपडल्यासारखे ठिपके. हे म्हणायचे, रंग येईल मागून, आधी पाय. आणि त्याच वर्षी एक तलंग, अगदी तरणी कोंबडी, तयार झाली. अंग पांढरंशुभ्र, कुठे डाग नाही. शेपटी काळी कुळकुळीत, आणि शेपटीच्या प्रत्येक पिसाला कडेने बारीक पांढरी रेघ. तशी रेघ मी त्याआधी फक्त तुमच्या संस्थेच्या कॅलेंडरवर पाहिली होती.

कुसाकाबे : आणि पाय?

मित्सुए : काडेपेटीच काय, चहाचा डबा गेला असता पोटाखालून. यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, हिला रात्री शिजव.

कुसाकाबे : बरोबरच होतं ते.

मित्सुए : मी तिला संत्र्यांच्या खोक्यात घातलं आणि दुपारच्या बसने हिच्याकडे नेलं. येताना बाजारातून कोंबडी आणली आणि तिचं सूप केलं.

योशिनो : मी विचारलं, ताई, ही काय आणलीस? तर म्हणाली, मेलेली कोंबडी आहे, सांभाळ. मेलेलीने दुसऱ्या दिवशी अंडं दिलं.

कुसाकाबे : असू दे. एखादीचा लळा लागतो माणसाला. बायकांचं मन मऊ असतं. वहीत काही ती गेली नाही ना?

मित्सुए : मन मऊ होतं म्हणून नव्हे हो. मला ती शेपटी हवी होती.

कुसाकाबे : म्हणजे?

मित्सुए : म्हणजे तिच्यापासून पिल्लं हवी होती मला. आखूड पायांवर ती शेपटी बसवायची होती. पहिल्या वर्षी नुसता विचार करत राहिले, कारण कोंबडा इथे आणि कोंबडी तिथे. मग तुम्हीच वाट दाखवलीत.

कुसाकाबे : मी?

मित्सुए : दरवर्षी मार्चमध्ये संस्थेची सहल निघते. पुरुषमंडळी तीन दिवस गरम पाण्याच्या झऱ्यावर, बायकांना बंदी. सहलीचे चिटणीस तेव्हा तुम्हीच होतात.

योशिनो : इकडे तुमची बस निघाली की तासाभरात ताई कोंबडा घेऊन वर हजर. तुम्ही पाण्यात, कोंबडा बागेत. तीन दिवस सगळ्यांचीच मजा.

कुसाकाबे : थट्टा पुरे. वहिनी, तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?

मित्सुए : चांगलं कळतंय. तिथे हिची गावठी कोंबडी खुडूक असायची, तिला अंड्यांवर बसवायचं. इथे मी माझी बसवायची, त्याच दिवशी. एकविसाव्या दिवशी तिकडची आखूड पायांची पिल्लं आणून इथल्या कोंबडीच्या पंखाखाली सरकवायची. कोंबडी काही मोजत बसत नाही. तिकडचं एक अंडं वाया जात नव्हतं, अध्यक्षसाहेब. आखूड बाप आणि उंच आई, कवचात एकही मरत नाही. निम्मी बुटकी, निम्मी उंच. उंच ती तिथे बागेत राहायची, बुटकी इथे यायची.

योशिनो : एकदा बसमध्ये ड्रायव्हरने विचारलं, आजी, छातीशी काय चिवचिवतंय? ताई म्हणाली, हृदय कमजोर आहे माझं. त्याने बिचाऱ्याने गाडी हळू चालवली.

कुसाकाबे : मी नाही विश्वास ठेवत. तुम्हाला पाखरं सोडवत नाहीत म्हणून तुम्ही हे रचताय. तोकुजी काय आंधळा होता? प्रत्येक पिल्लाच्या उजव्या पायाच्या बोटांमधल्या पडद्याला तो स्वतः चिमट्याने भोक पाडायचा. तीच आमच्या वंशाची खूण आहे.

मित्सुए : उजव्या पायाला त्यांची खूण. डाव्या पायाच्या पडद्याला माझी. ती मी वर बागेतच पाडून आणायचे.

कुसाकाबे : डाव्या?

मित्सुए : डाव्या. आठवतंय काही?

कुसाकाबे : नाही.

मित्सुए : बारा वर्षांपूर्वी यांनी तुम्हाला एक कोंबडा दिला. तुम्ही तो प्रदर्शनात मांडलात आणि सबंध प्रांतात पहिले आलात. तो मेल्यावर भुसा भरून काचेच्या पेटीत उभा केलात. तुमच्या दारातून आत आलं की पहिला तोच दिसतो. त्याचा डावा पाय कसा आहे?

कुसाकाबे : त्या पायाला उंदीर चावला होता. पिल्लू असताना. तोकुजीनेच सांगितलं होतं, वहीतही तसं लिहिलंय.

मित्सुए : मीच सांगितलं होतं यांना, उंदीर चावला म्हणून. आमच्याकडचा उंदीर मोठा शिस्तीचा. पस्तीस वर्षं फक्त डावा पाय चावला त्याने, आणि तोही फक्त चांगल्या शेपटीच्या पिल्लांचा.

योशिनो : साहेब, चहा घ्या. निवला तो.

कुसाकाबे : नको.

योशिनो : मग पाणी देऊ का? चेहरा कसातरीच झालाय तुमचा.

कुसाकाबे : माझा कोंबडा... त्याची आई उंच पायांची?

मित्सुए : आई आणि आजी, दोघी. आजी तर इतकी उंच, की खालच्या फांदीवरचं संत्रं उभ्याने टोचायची. शेपटी मात्र तिच्यासारखी मी परत पाहिली नाही.

कुसाकाबे : माझ्या घरी येणारा प्रत्येक माणूस त्या पेटीपुढे थांबतो. गेल्या वर्षी वर्तमानपत्रवाले आले होते. मी त्यांना सांगितलं, याच्या रक्तात एक थेंब भेसळ नाही.

मित्सुए : भेसळ नाहीच. उंच पायांची झाली तरी ती चाबोचीच लेक. तुमच्याच आखूड आई-बापांच्या पोटची. तुम्ही तिला घरातून हाकलता आणि मग म्हणता, आमच्या घरात असं कुणी जन्मतच नाही.

कुसाकाबे : तोकुजीला हे कळलं असतं तर काय वाटलं असतं त्याला?

योशिनो : सांगू का, ताई?

मित्सुए : सांग. माझ्याने ते नीट सांगवत नाही.

योशिनो : भावोजी एकदा आले होते वर. वीसेक वर्षं झाली. दार मोडलं होतं खोपटाचं, मी ताईला निरोप दिला होता, तर तिच्याऐवजी हेच हत्यारं घेऊन आले. मी कपडे वाळत घालत होते. बघते तर भावोजी जाळीपुढे उभे. आत सात उंच कोंबड्या, सातही पांढऱ्या, काळ्या शेपटीच्या. बराच वेळ उभे होते. मग त्यांनी दार दुरुस्त केलं आणि मला म्हणाले, जाळी खालून सैल आहे, मुंगूस शिरेल. तीही आवळून दिली. एवढंच.

कुसाकाबे : म्हणजे त्याला ठाऊक होतं?

मित्सुए : त्या रात्री जेवताना सूपचा घोट घेतला आणि म्हणाले, बाजारची कोंबडी जरा खारटच असते. तेव्हा मला कळलं, यांना कळलंय. मी वाट बघितली, अध्यक्षसाहेब. वाटलं, रागावतील, ओरडतील, आणि मग एक दिवस वहीत लिहितील. रागावले नाहीत. माझी चोरी पोटात घातली. त्यापुढे सहलीला निघायच्या आदल्या दिवशी कोंबड्याला आंघोळसुद्धा घालून ठेवायचे. पण वहीत लिहिलं नाही. दर वर्षी बापाच्या रकान्यात कोंबड्याचं नाव, वजन, बक्षीस. आईच्या रकान्यात दोन अक्षरं, ‘घरची’. वीस वर्षं ‘घरची’. माणूस वाईट नव्हता, पण याचा मला राग आहे. त्यांचा फोटो समोर आहे, त्याच्यापुढेच सांगते, राग आहे.

कुसाकाबे : त्याने संस्थेची लाज राखली. तो आमचा सगळ्यांचा गुरू होता. लिहिलं असतं तर आठही घरांच्या नोंदी खोट्या ठरल्या असत्या. सगळ्यांकडे त्याचीच पाखरं आहेत.

मित्सुए : ठरल्या असत्या नाही. ठरल्या.

कुसाकाबे : म्हणजे काय?

मित्सुए : ही घ्या वही. वाचा.

(कुसाकाबे वही उघडतो. पानं उलटत राहतो.)

कुसाकाबे : हे... हे तुम्ही लिहिलंत?

मित्सुए : चार दिवस लागले. माझ्याकडे जुनी कॅलेंडरं होती, त्यांच्या मागे सगळं टिपलेलं होतं. कुठल्या सालची कोंबडी, कुणाची लेक, शेपटीची रेघ कशी, मानेवर ठिपके किती. ते उतरवलं. यांचं एक अक्षर खोडलेलं नाही, बघून घ्या. फक्त ‘घरची’च्या खाली जागा होती, ती भरली.

कुसाकाबे : काळ्या शाईने. ब्रशने.

मित्सुए : माझं अक्षर शाळेपासून चांगलं आहे.

कुसाकाबे : ‘उंच पायांची, सातवी, योशिनोच्या बागेतली.’ ‘उंच पायांची, अकरावी, डोळा अधू, रंग उत्तम.’ वहिनी, ही वही संस्थेची होती. तुम्ही तिचं वाटोळं केलंत. ही नागाओला कशी देऊ मी?

मित्सुए : द्यायचीच नाहीये.

कुसाकाबे : तुम्हाला कळत नाहीये. हे बाहेर गेलं तर तोकुजीचं नाव मातीला मिळेल. लोक हसतील त्याला. मेलेल्या माणसाला तोंड उघडून उत्तर देता येत नाही.

मित्सुए : जिवंत होते तेव्हा त्यांनी उघडलं नाही, ते मी काय करू? हसणारे हसतील. मलाही हसतील. सत्तरीच्या बाईला हसून हसून किती हसतील? दोन दिवसांनी जबडा दुखेल त्यांचा.

कुसाकाबे : रविवारी परीक्षक तुमचा कोंबडा टेबलावरून खाली उतरवतील. सगळ्यांसमोर.

मित्सुए : उतरवू देत. त्यासाठी आधी टेबलावर चढवावा लागेल ना? तेवढ्या वेळात चार माणसं तरी त्याची शेपटी बघतील. आणि मी एकटा कोंबडा आणणार नाही. शेजारच्या पिंजऱ्यात त्याची आई असेल. पाटीवर लिहिणार आहे, ‘ही आई’.

योशिनो : मी चालले आहे बरोबर. मला तिथले तळलेले गोळे खायचेत.

कुसाकाबे : मी अध्यक्ष म्हणून तुम्हाला दारातच अडवू शकतो.

मित्सुए : अडवा. मी दाराबाहेर बाकावर बसेन. दोन पिंजरे मांडीवर. आत जाणारा प्रत्येक माणूस माझ्यापुढून जाईल.

कुसाकाबे : तोकुजी म्हणायचा, आमची ही फार गरीब आहे, तोंडातून शब्द काढत नाही.

मित्सुए : कोंबड्यांना उठवायचं नसायचं म्हणून हळू बोलायचे.

योशिनो : आता तर अर्ध्या डोंगराला ऐकू जातंय.

कुसाकाबे : मी जातो. शिक्का नाही तर नाही. नागाओला सांगेन, उद्या येऊ नकोस म्हणून. पण रविवारचं मी काही कबूल करत नाही. ते माझ्या एकट्याच्या हातात नाही.

मित्सुए : मी कुठे विचारलं? सांगितलं फक्त.

योशिनो : बूट इकडे आहेत तुमचे, साहेब. अहो, तिकडे नाही, तिकडे खुराडं आहे.

कुसाकाबे : जाता जाता... बघू का एकदा? कोंबडा नव्हे. ती, उंच पायांची.

मित्सुए : चला. रविवारसाठी दोघी आणल्यात खाली, आई आणि तिची धाकटी बहीण. पायाशी पाण्याची वाटी आहे, सांभाळून. ती बघा.

कुसाकाबे : अरे.

मित्सुए : हातात घ्या. चावत नाही.

कुसाकाबे : रेघ शेपटीच्या मुळापासून आहे. एका पिसाला तुटलेली नाही. मान कोरी. पंखाच्या आत काळं, मिटला की सगळं पांढरं. असं पाखरू मी... किती वर्षांची ही?

मित्सुए : तीन. या वर्षी आतापर्यंत अकरा अंडी दिली, अकराही भरलेली. जानेवारीत उबवायला घातलेल्या आठांतली आठ फुटली.

कुसाकाबे : आठातली आठ.

मित्सुए : तुमच्याकडे किती फुटली यंदा?

कुसाकाबे : ठीक आहे आमच्याकडे.

मित्सुए : तुमच्या घरच्या बाई परवा भाजीवाल्याकडे भेटल्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण अंड्यांच्या टरफलांची पिशवी कचऱ्यात टाकून आल्या होत्या आणि डोळे पुसत होत्या. म्हणून विचारलं.

कुसाकाबे : सव्वीस बसवली होती.

योशिनो : आणि?

कुसाकाबे : तीन. त्यांतलं एक दुसऱ्या दिवशी गेलं. राहिलेल्या दोघांची शेपटी लालसर आहे. गेल्या वर्षी पाच होती, त्याच्या आधी नऊ. माझा कोंबडा इतका बुटका झालाय, की कोंबडीवर चढताना घसरतो. उतरून माझ्याकडेच बघतो. काडेपेटी सोडा, त्याच्या पोटाखालून कागद जाणार नाही. त्याला मी यंदा प्रदर्शनात मांडणार होतो. बघणारे वाहवा करतील. पण त्याच्यामागे काही नाही, वहिनी. तो संपला की माझ्याकडचं संपलं. कुणाला बोललो नाही मी हे. अध्यक्षाच्या घरी अंडी फुटत नाहीत, हे कुणाला सांगायचं?

मित्सुए : मला सांगितलंत ते बरं झालं.

कुसाकाबे : माझे वडील पाळायचे. त्यांचे वडील पाळायचे.

मित्सुए : ही आई नाही देणार. तिला रविवारी यायचंय. ती कोपऱ्यातली बघा, तिची बहीण. पाय तेवढेच उंच, शेपटी किंचित कमी. पण तुमच्या कोंबड्याला शोभेल. वाकून बसते, त्याला घसरायला होणार नाही.

कुसाकाबे : मला देताय?

मित्सुए : पाखरू देतेय, शिक्का नाही. आणि तिची पिल्लं झाली की आईच्या रकान्यात तिला लिहायचं. ‘घरची’ लिहिलंत तर मी तुमच्या दारात येऊन बसेन, काचेच्या पेटीशेजारी.

कुसाकाबे : अध्यक्षाने लिहिलं तर बाकीची सहा घरं विचारतील.

मित्सुए : विचारू देत. त्यांच्याकडे किती फुटली तेही तुम्ही विचारा.

कुसाकाबे : लिहीन.

मित्सुए : योशिनो, ती संत्र्यांची जाळीची पिशवी दे गं. मोठी. हं, आत सोड तिला. पाय बाहेर काढ, नाहीतर मोडतील.

योशिनो : छान बसली बघा. पाय मात्र लांबलचक लोंबताहेत खाली. बसस्टॉपपर्यंत अशीच न्या, हलवू नका फार.

कुसाकाबे : वहिनी, रस्ता न्हाव्याच्या दुकानापुढून जातो. या वेळी नागाओ असतो तिथे, आणखीही दोघे-तिघे असतात. पिशवीवर टाकायला एखादं फडकं मिळेल का?

मित्सुए : फडकं नाही मिळायचं.

कुसाकाबे : जुनं चालेल. अगदी पायपुसणंसुद्धा.

मित्सुए : घरात फडकी पुष्कळ आहेत, अध्यक्षसाहेब. जा तशीच घेऊन. पाय आहेत तिला, दिसू देत.